धनुष्याचा आवाज आणि बाणाची वाट

(विहाराच्या वर्धापनदिनी तिरंदाजी वर्गातील मुले व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेले भाषण)



समितीने आम्हाला बोलायला दिलेला विषय दरवर्षीपेक्षा निराळा आहे. साधे बांबूचे धनुष्य बिनआवाजाचे आणि बिनचूक कसे करावे, हा तो विषय. आम्ही सूतगिरणीतले कामगार. रिंग फ्रेमवर आमची उमर गेली. शाळा अर्धवट सुटली, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि खात्यातल्या जुन्या फिटर लोकांच्या पायाशी बसून. म्हणून आम्ही जे सांगू ते कामगाराच्या भाषेत सांगू. गोड मानून घ्यावे.

विषय का निघाला हे सर्वांना ठाऊक आहे. विहारामागच्या मोकळ्या जागेत आपली पंधरा-सोळा पोरे-पोरी संध्याकाळी तिरंदाजी करतात. त्याबद्दल समितीपुढे तीन गोष्टी आल्या आहेत. पहिली, विहाराच्या आवारात हत्यार कशाला? दुसरी, दोरीच्या फटफट आवाजाने शेजारच्या घरातली लहान मुले दचकून उठतात आणि वंदनेत व्यत्यय येतो. तिसरी, दोन-तीन पालक कर्ज काढून मुलांना विलायती धनुष्य घेऊन देण्याच्या विचारात आहेत. या तिन्हींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, असे आमचे मत आहे.

पहिली गोष्ट पहिल्यांदा. आपण पंचशील घेतलेली माणसे. आपला बाण चिंध्या भरलेल्या गोणीवर जातो. जिवावर कधीच जाणार नाही. देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि त्याच्याही आधी आपले पहिले शील आहे. जो पोरगा कुत्र्यावर, कबुतरावर नेम धरील तो त्याच दिवशी वर्गातून बाहेर. यात तडजोड नाही. पण धनुष्य म्हटले की हिंसाच, असेही नाही. धम्मपदात बाण सरळ करणाऱ्या कारागिराचा दाखला आलेला आहे, आणि तो चित्ताला वळण लावण्याच्या संदर्भात आलेला आहे. वाकडी काडी हातात घेऊन, एक डोळा मिटून, पुन्हापुन्हा पाहून सरळ करायची, या कामाला केवढी शांतता लागते ते ज्याने केले त्यालाच कळते.

आता दुसरी गोष्ट, आवाज.

गिरणीत जुना फिटर यंत्राला हात लावण्याआधी कान लावतो. कुठले बेअरिंग कोरडे पडले, कुठला पट्टा ढिला झाला, हे त्याला आवाजावरून कळते. कारण यंत्राने करायचे काम सोडून जी शक्ती इकडेतिकडे जाते तीच आवाज करते. धनुष्याचेही तसेच आहे. दोरी ओढताना आपण हाताच्या जोराने धनुष्यात शक्ती भरतो. दोरी सोडली की त्यातली बरीचशी बाणात जाते, पण सगळी जात नाही. जी मागे राहते ती दोरीला थरथरवते, बांबूला हादरवते, आपल्या मनगटाला झटका देते आणि कानाला ऐकू येते. म्हणजे मोठा आवाज ही ताकदीची खूण नव्हे, नासाडीची खूण आहे. पूर्वी शिकारी लोक सावज दचकू नये म्हणून धनुष्य मुके करीत. आपल्याला सावज नाही. पण आवाज कमी झाला की बाण सारखा जातो, धनुष्य जास्त दिवस टिकते, आणि शेजारच्या बाईचे लेकरूही झोपते.

म्हणून मुलांनो, क्रम लक्षात ठेवा. आधी दोरी, मग दोरीची उंची, मग बाण बसवायची जागा, मग बाण, आणि सर्वांत शेवटी लोकरीचे गोंडे. बहुतेक जण उलटे करतात. आवाज आला की लगेच दोरीला चार गोंडे बांधून मोकळे. म्हणजे खोकल्याचे मूळ न शोधता तोंडावर फडके धरण्यासारखे झाले.

दोरी. बांबूच्या धनुष्याला पॉलिस्टरची दोरी चांगली. तिरंदाज तिला डेक्रॉन म्हणतात. पॉलिस्टरचा हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधून काढला, आणि त्यांना पगार देणारा कारखाना कापड छापणाऱ्यांच्या संघाचा होता, म्हणजे आपल्याच धंद्यातला. हा धागा ताण पडल्यावर किंचित देतो, त्यामुळे झटका बांबूवर एकदम येत नाही. आजकालचे जे नवे, अजिबात न ताणणारे धागे आहेत ते त्यासाठी मजबूत केलेल्या धनुष्यालाच लावावेत. साध्या बांबूला लावले तर टोकाची खाच फाटते, कधी धनुष्यच तडकते.

दोरी दोन पदरांची वळावी. आमच्या खात्यात एकेरी सुताला एका बाजूचा पीळ असतो आणि डबलिंगमध्ये दोन सुते एकत्र करताना उलट्या बाजूचा पीळ देतात. एक पीळ उलगडू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. धनुष्याची वळलेली दोरी याच तत्त्वावर उभी आहे. म्हणून पीळ वाढवायचा तर दोन्ही पदर ज्या बाजूने एकमेकांवर वळले आहेत त्याच बाजूने. उलट्या बाजूने फिरवलात तर फास सुटेल आणि ओढलेले धनुष्य तोंडावर येईल. दोरी चढवण्याआधी दर वेळी बोटांतून फिरवून पाहा. एक धागा जरी तुटलेला दिसला तरी ती दोरी त्या दिवसापासून बाद.

दोरीची उंची. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंत जे अंतर राहते त्याला आपण उंची म्हणू. साध्या सरळ धनुष्याला ती सहा ते साडेसात इंचांच्या दरम्यान ठेवतात. जुन्या काळचे इंग्रज धनुर्धारी ती मोजायला पट्टी वापरीत नसत. धनुष्याच्या मुठीवर हाताची मूठ ठेवायची, अंगठा उभा करायचा, अंगठ्याचे टोक दोरीला टेकले की उंची बरोबर. लहान मुलांचा हात लहान, म्हणून आपण पट्टीच वापरू.

उंची फार कमी असेल तर दोरी बाणाला जास्त वेळ ढकलते, बाण थोडा जोरात जातो, पण दोरी मनगटावर फटका मारते आणि आवाज मोठा येतो. उंची फार जास्त झाली तर बाणाचा वेग कमी होतो आणि बांबूवर विनाकारण ताण राहतो. या दोहोंच्या मधे कुठेतरी प्रत्येक धनुष्याची स्वतःची एक जागा असते. ती शोधायची कशी? सहा इंचांपासून सुरू करा. चार बाण मारा. दोरी उतरवा, तीन-चार पीळ वाढवा, पुन्हा चार बाण मारा. पीळ वाढला की दोरी आखडते आणि उंची जराशी वाढते. बाण मारणाऱ्याने आवाजाचा निवाडा करू नये, त्याचे लक्ष नेमावर असते. दुसऱ्याने चार पावले मागे उभे राहून डोळे मिटून ऐकावे. फाट असा आवाज येत असतो तो हळूहळू ठप असा होतो, आणि पीळ आणखी वाढवला तर पुन्हा चढतो. जिथे तो सर्वांत आखूड आणि बसका होता तिथे परत या, पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणते, म्हणून रोज सुरुवातीला मोजा. पीळ इतके झाले की दोरीला गाठी पडू लागल्या, तर आणखी पीळ न देता आखूड दोरी करा.

बाण बसवायची जागा. सुताराचा गुण्या घ्या. बाण जिथे टेकतो तिथून दोरीवर काटकोनात एक खूण करा. त्या खुणेच्या अर्धा इंच वर दोऱ्याची घट्ट गाठ बांधा. बाणाची खाच त्या गाठीला खालून लावायची, दर वेळी तिथेच. खाच दोरीवर कशी बसावी? बाण लावून धनुष्य आडवे धरले तर बाण दोरीला लोंबकळला पाहिजे, आणि दोरीला टिचकी मारली तर सुटला पाहिजे. याहून घट्ट असेल तर दोरी सोडताना बाण अडतो. याहून ढिली असेल तर बाण ओढता ओढता दोरीवरून निसटतो, आणि मग दोरी रिकामी सुटते. रिकामी दोरी सोडणे हा तिरंदाजीतला सर्वांत मोठा गुन्हा समजा. बाणाने न्यायची सगळी शक्ती बांबूतच उरते आणि धनुष्य मोडते.

बाण. आता नीट लक्ष द्या, कारण नेम चुकण्याचे निम्मे कारण इथे आहे. साध्या धनुष्यात बाण मधोमध नसतो, मुठीच्या बाजूने जातो. म्हणजे त्याचे टोक थोडे बाजूला रोखलेले असते, तरी बाण सरळ जातो. हे कसे? दोरी मागून ढकलते तेव्हा बाण वाकतो, मुठीला वळसा घालतो, पुढे जाऊन उलट वाकतो आणि थरथरत थरथरत सरळ होतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने बाणाचे हे वाकणे चित्रित केले, तेव्हा ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसले. म्हणजे बाण नुसता सरळ असून भागत नाही. तो त्या धनुष्याच्या जोराला शोभेल इतकाच वाकणारा हवा. फार कडक बाण वळसा घालत नाही, मुठीला घासतो आणि खट आवाज करतो. फार लवचीक बाण गरजेपेक्षा जास्त डोलतो.

हे मोजायला विलायती यंत्र नको. फळीवर दोन खिळे २६ इंचांवर ठोका. त्यांवर पिसे न लावलेली काडी ठेवा. मधोमध दोन पाउंडांचे, म्हणजे ९०७ ग्रॅमचे वजन टांगा. वाण्याच्या काट्यावर तोललेली वाळूची पिशवी चालेल. काडी किती इंच खाली गेली ते मोजा आणि २६ ला त्या आकड्याने भागा. उत्तर पाउंडात येईल. समजा काडी १ इंच वाकली, तर ती २६ पाउंडांची. ०.६५ इंच वाकली, तर ४० पाउंडांची. बांबूच्या साध्या धनुष्याला त्याच्या ओढीइतक्या किंवा पाच पाउंड कमी काडीपासून सुरुवात करावी. एका मुलाच्या संचातल्या सगळ्या काड्या एकमेकींपासून पाच पाउंडांच्या आत असाव्यात. नाहीतर पोरगी बिचारी दर वेळी सारखेच मारते, बाण मात्र चार दिशांना जातात, आणि आपण तिलाच बोल लावतो.

वजनही पाहा. हलका बाण म्हणजे जास्त वेग, असे मुलांना वाटते. पण हलक्या बाणाला शक्ती पुरती घेता येत नाही, उरलेली आवाजात जाते. ओढीच्या दर पाउंडाला अर्धा ते पाऊण ग्रॅमच्या मधे वजन ठेवले तर धनुष्य शांत राहते. म्हणजे ३० पाउंडांच्या धनुष्याला १६ ते २० ग्रॅमचा बाण. पिसे तीन, आणि ती पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखाची. डाव्या-उजव्या पंखाची पिसे एका बाणावर मिसळू नका.

आता परीक्षा. तीन बाण पिसांचे आणि एक तसाच बिनपिसांचा घ्या. दहा पावलांवरून मारा. पिसांचे काम बाणाची चूक झाकणे, म्हणून बिनपिसांचा बाण खरे बोलतो. तो बाकीच्यांच्या खाली लागला तर दोरीवरची गाठ जास्त वर आहे, थोडी खाली घ्या. वर लागला तर गाठ वर घ्या. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण उजवीकडे गेला तर काडी लवचीक आहे, ती अर्धा इंच आखूड करा किंवा टोक हलके लावा. डावीकडे गेला तर काडी कडक आहे, टोक जड लावा. डावखुऱ्यांनी हे डावे-उजवे उलटे धरावे. एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही. एका बाणावरून निकाल देऊ नका, चार-पाच वेळा मारून पाहा.

एवढे सगळे जमल्यावर जो थोडा आवाज उरतो त्याच्यासाठी लोकरीचे गोंडे. दोरीच्या वरच्या टोकापासून एक-चतुर्थांश अंतरावर एक, खालच्या टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर दुसरा. दोन्ही सारख्या अंतरावर नकोत, म्हणजे दोरीची थरथर लवकर मोडते. गोंडे लहान ठेवा, त्यांचेही ओझे दोरीला वाहावे लागते. बाण टेकतो त्या जागी चामड्याचा किंवा बनातीचा तुकडा चिकटवा. काम संपले की दोरी उतरवून ठेवा. दोरी चढवलेल्या धनुष्याला बाक कायमचा बसतो. उन्हात ठेवू नका, आणि ज्या मुलाच्या हाताला जेवढे ओढ ठरली आहे त्याच्या पुढे ओढू नका.

मंडळी, हे ज्ञान कुणाचे? पुस्तके लिहिणाऱ्यांचे म्हणाल तर तसे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात याही नावाची एक आदिवासी जमात होती. सोन्याच्या आणि जमिनीच्या लोभाने आलेल्या गोऱ्या लोकांनी तिची कत्तल केली. १९११ साली त्या जमातीचा एकटा उरलेला माणूस ओरोव्हिल गावाजवळ सापडला. त्याने आपले खरे नाव कुणाला सांगितले नाही. लोक त्याला इशी म्हणू लागले. इशी म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस. विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवले, १९१६ साली तो क्षयाने गेला. त्या पाच वर्षांत त्याने सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरला धनुष्य करायला आणि चालवायला शिकवले. पोपने लिहून ठेवले आहे की इशी धनुष्याचे टोक तोंडाच्या कडेला धरून बाणाने दोरीवर टिचकी मारी आणि त्यातून गोड सूर काढी. पोपने पुढे १९२३ साली पुस्तक काढले आणि अमेरिकेत धनुष्याची आवड पुन्हा जागी झाली. ज्याचे सर्वस्व लुटले त्या माणसाने आपली विद्या हातची राखली नाही.

आणि आपल्याकडे काय घडले? एकलव्याची गोष्ट आपल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. विद्या स्वतःच्या बळावर मिळवली आणि दक्षिणा म्हणून अंगठा द्यावा लागला. त्या कथेतच पुढे आहे की अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण मारी, पण पूर्वीचा वेग राहिला नाही. मुलांनो, मंगोल, तुर्क, जपानी लोक अंगठ्याने दोरी ओढत आले हे खरे. पण आज ऑलिंपिकमध्ये जी पद्धत चालते तीत दोरी तीन बोटांनी ओढतात, अंगठा दुमडलेला असतो. आपला वर्गही याच पद्धतीचा. आज कुणी अंगठा मागणार नाही. आज वेगळ्या रीतीने मागतात. हे महागडे साहित्य नसेल तर तुमच्या मुलाचे काही खरे नाही, असे सांगतात. यात आपल्या बापाची कमाई जाते, आणि मुलाचा धीर जातो.

म्हणून पालकांना हात जोडून सांगणे आहे. कर्ज काढू नका. स्पर्धेचे पुरे विलायती साहित्य लाखांच्या घरात जाते, आणि वाढत्या मुलाला आज घेतलेले धनुष्य दोन वर्षांत अपुरे पडते. राजस्थानच्या आदिवासी मुलखातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच वाढला. तो १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिंपिकना गेला, २०१२ साली त्याला पद्मश्री मिळाली. रांचीच्या रिक्षाचालकाची मुलगी दीपिका कुमारी, तिचीही सुरुवात बांबूच्याच धनुष्याने झाली, आणि २०१२ साली ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या सरडे गावचा, मजुरी करणाऱ्या आईबापांचा प्रवीण जाधव, २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळला. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याला घडवले. मूल खरोखर पुढे जाऊ लागले की निवड चाचण्या आहेत, प्रबोधिन्या आहेत, त्यांचे दार आपण ठोठावू. ते आपले हक्काचे दार आहे. तिथे अर्ज लिहायला, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले गोळा करायला आम्ही सोबत येऊ. पण पहिली दोन वर्षे बांबू, दोरी आणि वही एवढेच पुरे.

समितीलाही आमची विनंती आहे. वर्ग बंद करू नका. पंधरा दिवसांची मुदत द्या. तेवढ्यात मुले प्रत्येक धनुष्याची दोरी, उंची आणि बाण वरच्या क्रमाने तपासून वहीत लिहितील. वंदनेच्या वेळी वर्ग बंद राहील. बाण मारायच्या रेषेच्या पुढे कुणीही असताना एकही बाण दोरीला लागणार नाही. गोणीच्या मागे बंदिस्त भिंत आहे, तिच्यावर आणखी एक जाड चटई टांगू. पंधरा दिवसांनी समितीच्या सभासदांनी आणि शेजारच्या आयाबायांनी येऊन उभे राहावे आणि कानाने निवाडा करावा. तो आम्हाला मान्य राहील.

मुलांनो, शेवटी तुमच्यासाठी. सगळे ठीकठाक केलेले धनुष्यसुद्धा उतावळ्या हातात आवाजच करते. दर वेळी दोरी गालावर त्याच जागी आणा, श्वास धरू नका, बोटे झटकू नका, नुसती सैल सोडा. बाण गोणीला लागेपर्यंत हात खाली पडू देऊ नका. चुकलात तर वहीत लिहा, रडू नका. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, त्यात हातांनी शिकणेही आले.